एकोणीस

वार्डोच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे वळवला.
"एकोणीस. निदान पन्नास हवं."
पेनाने आकड्याभोवती गोल केला,
आणि मला वाटलं, चला, सापडलं एकदाचं.
रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
छातीत जे धस्स होऊन उठवतं मला,
त्याला एक आकडा आहे तर.
मी हिशेबनीस. आकड्यांना भीत नाही.

त्या म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व कमी पडलं म्हणून मन खचतं,
की खचलेलं माणूस उन्हात जात नाही
म्हणून ते कमी पडतं,
हे मला छातीठोकपणे सांगता यायचं नाही."
"उन्हात?" मी म्हटलं.
खिडकीबाहेर दुपारचा एक वाजला होता
आणि रस्त्यावरचे दिवे चालू होते.
हसलो दोघी.
मग त्यांनी विचारलं, "घरी, कामावर, काही झालंय का?"
मी म्हटलं, छे.

काय सांगणार?
मासे कापायच्या कारखान्यातली एकतीस माणसं कमी करायची होती.
यादी वरून आली. टाइप मी केली.
चौथं नाव याल्मार. माझा भाऊ.
त्याच्या नावात आमच्या लिपीत एक अक्षर असतं अगदी सुरुवातीला,
लिहायचं, पण उच्चारायचं नाही.
ते राहून तर गेलं नाही ना,
म्हणून मी दोनदा तपासलं.
तेवढंच केलं मी त्याच्यासाठी.

तो राहतो समोरच, रस्ता ओलांडला की.
त्याच्या खिडकीतला कागदी तारा यंदा लागला नाही.

कॉडच्या तेलाची बाटली आणली.
ज्या महिन्याच्या नावात र, त्या महिन्यात चमचाभर,
हा आईचा कायदा.
सप्टेंबर ते एप्रिल, एकही सुटका नाही.
मला ओकारी यायची.
आईची पाठ वळली की याल्मार माझा चमचा गिळायचा,
आणि वर बोटाने माझ्या ओठांना तेल पुसायचा, पुरावा म्हणून.
आता पन्नाशीला आले,
नाक दाबून माझा मीच गिळते.

जानेवारीत सूर्य यायचा होता.
सबंध गोल दिसल्याशिवाय किल्ल्यावरची तोफ उडत नाही,
आणि तोफ उडाल्याशिवाय शाळेला सुट्टी नाही.
पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी बर्फ.
तिसऱ्या दिवशी समुद्रावर नुसती तांबूस रेघ,
कुणीतरी दार किलकिलं करून परत लावून घ्यावं तशी.
पाचव्या दिवशी तोफ उडाली.
पोरं आरडाओरडा करत उतारावरून सुटली.
कारखान्याच्या दारात सगळे उभे होतो, तोंडं वर करून,
उरलेले आम्ही.
मी शेजारच्या बाईची सावली पाहिली बर्फावर,
मग माझी.
दोन महिन्यांत पाहिली नव्हती. जाड झाली होती.

मार्चमध्ये आकडा एकाहत्तर.
डॉक्टरीणबाई खूश. "आणि झोप?"
"तीन चाळीस."
"म्हणजे अर्धा तास कमावलात."
मी हिशेब करून पाहिला. बरोबर होतं.
हाडं कमी दुखत होती, जिने चढताना धाप नव्हती,
आणि छातीतलं ते, होतं तिथेच होतं,
भाडं न देता राहणाऱ्या भाडेकरूसारखं.
त्यांनी कागद बाजूला ठेवला. पेनही ठेवलं.
मी म्हटलं, "मी एक यादी टाइप केली होती."
पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला.
बाहेर पुढच्या पेशंटने दोनदा खोकून दाखवलं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

परवा दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली होती.
आत कॉडचं काळीज, ताजं, अजून गार.
चिठ्ठी नाही.
तो हल्ली कुणाच्या तरी होडीवर जातो म्हणे.
ही पिशवी माफीची, की डिवचण्याची,
की जास्त झालं म्हणून दिलेली, कोण जाणे.
मी तमालपत्र घालून उकडलं ते
आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्लं.
ओठांना तेल लागलं.
पुसलं नाही लगेच.
समोर दिवा होता.